पाचवी जागा

येत्या सुट्टीत जळगावहून गाडीने भीमबेटकाला जायचा बेत करतोय. बऱ्हाणपूर, खंडवा, हरदा, मग नर्मदा ओलांडून रायसेन जिल्हा. एका दिवसात एवढी गाडी चालवायची नाही, म्हणून पहिला मुक्काम बऱ्हाणपूरला. तिथल्या फारुकी काळातल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. तो लेकीला दाखवायचाय.

बेत तिच्यामुळेच निघाला. वर्गातल्या मुलीने तिला विचारलं, "तुम्ही लोक मूळचे कुठले?" घरी येऊन तिने तेच मला विचारलं. मी पणजोबांपर्यंत नावं सांगितली. त्यापलीकडे ना माझ्याकडे कागद, ना अम्मींच्या आठवणीत कुणाचं नाव.

भीमबेटकाला चित्रं काढणाऱ्यांचं तर एकही नाव उरलेलं नाही. रेल्वेतून दिसलेल्या खडकांचा माग काढत १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर तिथे पोचले. तिथल्या एका खडकाला आता 'झू रॉक' म्हणतात, इतकी त्यावर जनावरांची दाटी. वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी आधीच्यांच्या चित्रांवरच आपली चित्रं काढली. खालची जुनी अजून दिसतात. यातले मूळचे कोण, हे लेकीने तिथे उभं राहून मला सांगावं.

गाडीत पाच जागा. अम्मी, बायको, लेक आणि मी. पाचव्या जागेवर त्या मुलीलाच न्यायचं, असं लेक म्हणते. आज मगरीबनंतर तिच्या आईवडिलांना फोन करणार आहे.