डकवलेली नोटीस

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फलकाला सरकारदरबारी मोठा मान आहे. त्यावर कागद डकवला की गावाला कळवले असे धरले जाते. माझे म्हणणे असे, की या जंगलपट्ट्यात नुसता डकवलेला कागद अर्धीच नोटीस असते. कुणी ती मोठ्याने सांगितली आणि ऐकणाऱ्याने दोन प्रश्न उलट विचारले, की ती पुरी होते. कायदाही याच्या आड येत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 माहिती पोचवताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात कोणती पद्धत सर्वांत परिणामकारक आहे याचा विचार करायला सांगते, आणि साधनांत फलक, वृत्तपत्र, इंटरनेट यांच्या पंगतीला जाहीर घोषणाही बसवते. म्हणजे कोतवालाची दवंडी अजून कालबाह्य झालेली नाही.

यावर कुणी म्हणेल, 2011 च्या जनगणनेत गडचिरोलीची साक्षरता सुमारे 74 टक्के होती, मग वाचून का दाखवायचे? पण ही जिल्ह्याची सरासरी आहे, आणि भामरागड-एटापल्लीत घरात माडिया बोलणाऱ्याला 'उपरोक्त विषयान्वये' वाचता आले तरी त्यातून काय कळावे? (ते चंद्रपूरच्या पदवीधरालाही कळतेच असे नाही.) शिवाय वनहक्काच्या नियमांनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीला निम्मे सभासद लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. तेंदूच्या हंगामात पहाटेच जंगलात गेलेली बाई पंचायतीच्या भिंतीकडे कशाला फिरकेल? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा फलक सगळ्यांना ठाऊक आहे: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. 2009 मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पण तो काही रंगवलेल्या अक्षरांनी मिळवलेला नव्हे. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकरी वर्षानुवर्षे एकत्र बसून, अभ्यासगटांत चर्चा करून, सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहिले. फलकावर आले ते आधी बोलून झालेले होते.

आता व्हॉट्सॲपचा गट हाच फलक, असे तरुण सांगतात. त्याने निरोप लवकर फिरतो, हे मान्य. पण घरात फोन एकच असला तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो, रेंज टेकडीवर चढल्यावर येते, आणि सभेची सूचना संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. इलेक्ट्रॉनिक फलकाचा, दवंडीला याहून जवळचा असा नमुना शेजारच्या छत्तीसगडात आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये सीजीनेट स्वर सुरू केले: साध्या फोनवरून आपल्या बोलीत निरोप नोंदवायचा, संपादकांनी तपासायचा आणि इतरांनी फोन लावून ऐकायचा. वाचता येण्याची अटच नाही. उरतो खरा वजनदार आक्षेप: बोललेल्याचा पुरावा राहत नाही, आणि खाणीचा किंवा जमिनीचा वाद कोर्टात गेला की कागदच लागतो. म्हणून कागद काढून टाका असे मी म्हणत नाही. पण डकवल्याचा पुरावा हा कळल्याचा पुरावा कसा होईल? इतिवृत्ताच्या वहीत नोटीस लावल्याची तारीख लिहितात. तिच्याखाली दवंडी कुठल्या टोल्यावर, कुठल्या बोलीत दिली आणि लोकांनी काय विचारले, एवढे लिहायला दोन ओळी पुरतात.