नाक्यावरची जमा

माथेरान नगरपरिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या माणसाला सिंगापूरचं सेंतोसा बेट दाखवायला नेऊ नये. समुद्र राहतो बाजूला आणि हा माणूस गेटपाशी उभा राहून हिशेब करतो. काका सिंगापूरला आमच्याकडे आले तेव्हा हे मला कळलं. व्हिवोसिटी मॉलमधून सेंतोसा एक्सप्रेस या मोनोरेलमध्ये चढताना माणशी चार डॉलर गेले, परतताना कुणी काही मागितलं नाही. काका एकदम खूश. "अरे, हा तर आपला दस्तुरी नाका! येणाऱ्याकडून घ्यायचं, जाणाऱ्याला सोडायचं."

दस्तुरी म्हणजे माथेरानच्या वेशीवरचा नाका. तिथे येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेशकर घेतात. काकांचं सगळं आयुष्य त्या नाक्याच्या जमेवर डोळा ठेवून गेलं. गावची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्याही आत. पण मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार धरले, तर पाणी, गटारं, मुताऱ्या, कचरा, सगळं गर्दीच्या मापाचं ठेवावं लागतं. घरपट्टी मात्र येते ती गावातल्या घरांचीच. शार्लोट तलाव पुरत नाही म्हणून नेरळहून पाणी वर चढवायचं, त्याच्या विजेचं बिल वेगळंच. पाऊस सुरू झाला की नेरळची गाडी बंद, हॉटेलांच्या खिडक्यांना ताडपत्र्या, नाक्यावरची जमा आटलेली. सफाई कामगारांचे पगार तेवढे बारा महिने. "मे महिन्यात वाटतं, गाव श्रीमंत आहे," काका म्हणाले. "ऑगस्टमध्ये खरं अंदाजपत्रक दिसतं."

सिंगापूरला ऑगस्ट काय नि मे काय, ऊन-पाऊस सारखाच. तरी सीझन इथेही आहे. २००८ पासून रात्रीच्या दिव्यांखाली फॉर्म्युला वन शर्यत होते आणि हॉटेलांच्या खोल्यांचे भाव वर जातात. सरकारने त्याच वेळी हॉटेलांवर शर्यतीच्या दिवसांतल्या खोलीभाड्याचा खास उपकर बसवला. ट्रॅकला लागून असलेल्यांना जास्त, लांबच्यांना कमी. हे ऐकून काका थांबले. शनिवारच्या गर्दीत जो कमावतो त्याने शनिवारचा झाडू विकत घ्यावा, हे त्यांचं जुनं म्हणणं.

सेंतोसा हे बेट १९७२ पासून एका वैधानिक मंडळाकडे आहे. तिथल्या सेंतोसा कोव्ह या वस्तीत समुद्र भरून काढलेल्या जमिनीवर बंगले आहेत, धक्क्याला नावा आहेत. बेटावर येणाऱ्या गाडीला शुल्क, तेही वेळ आणि वार बघून कमीजास्त. चालत आलात तर फुकट. काकांनी विचारलं, "इथला नगरसेवक कोण?" मी म्हटलं, नगरसेवक नाही, मंडळाचे सदस्य मंत्री नेमतात. "मग सोपं आहे," ते म्हणाले. "नाक्याचा दर वाढवला म्हणून कुणी खुर्चीवरून उतरवणार नाही." या वाक्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर मी त्यांना आमच्या इमारतीचा हिशेब दाखवला. आम्ही सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये राहतो, दर महिन्याला टाउन कौन्सिलला देखभालीचे पैसे देतो. टाउन कौन्सिल चालवतात ते तिथून निवडून आलेले खासदार. विरोधी पक्षाचे असले तरी तेच. म्हणजे लिफ्ट अडकली की थेट खासदाराचं नाव निघतं. त्या मासिक पैशातला ठराविक हिस्सा कायद्यानेच बाजूला काढावा लागतो. रंगरंगोटी, गच्ची, पाइप यांसाठी एक निधी. २०१७ पासून लिफ्ट बदलण्यासाठी आणखी एक. चालू खर्चासाठी या निधींना हात लावायचा नाही. काकांनी तो कागद दोनदा वाचला. मग सरळ मुद्द्यावर आले: "हे पैसे ठेवतात कुठे?"

हा प्रश्न इथल्या लोकांनीही विचारला होता. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली तेव्हा काही टाउन कौन्सिलांचे पैसे तिच्याशी जोडलेल्या योजनांत अडकल्याचं उघड झालं आणि संसदेत त्यावर बराच खल झाला.

पण काकांना खरा धक्का बसला तो जमिनीच्या हिशेबाने. सरकारने जमीन विकली की पैसा राखीव गंगाजळीत जातो. तो चालू वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. गंगाजळीवर मिळणाऱ्या उत्पन्नाचा निम्म्यापर्यंतचा भाग तेवढा अंदाजपत्रकात येतो. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पर्यटनाच्या गावांत तूट आली की नवी बांधकामं मंजूर करून विकास शुल्क घ्यावंसं वाटतंच. आजचा खड्डा बुजतो आणि उद्या पाणी आणखी लोकांना पुरवावं लागतं. माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा ती वाट बाहेरून अडवली गेली. सिंगापूरने ती स्वतःच्याच तिजोरीवर कुलूप लावून अडवली. अर्थात वाढ इथेही थांबलेली नाही. २०३० पर्यंत लोकसंख्या ६९ लाखांपर्यंत जाऊ शकते, असं २०१३ च्या श्वेतपत्रिकेत आलं तेव्हा हाँग लिम पार्कात हजारो लोक जमले होते. सिंगापुरात एवढी गर्दी निषेधासाठी क्वचितच होते.

मोटारींवरून मात्र आमचं वाजलं. इथे १९९० पासून गाडी घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, आणि २०१८ पासून खासगी गाड्यांची वाढ शून्यावर धरलेली आहे. २०२३ मध्ये लहान गाडीच्या परवान्याची बोलीसुद्धा लाखभर डॉलरच्या वर गेली होती. मी त्याचं कौतुक करत होतो. काका म्हणाले, "माथेरानात मोटारींना बंदी. दस्तुरीला मंत्र्याची गाडीसुद्धा थांबते. उतरायचं नि चालायचं. तुमच्याकडे पैसेवाला चालतो का?"

मी कार्यक्षमतेबद्दल काहीतरी बोललो. ते मुद्द्याचं उत्तर नव्हतं, आणि काकांनीही पुढे ताणलं नाही.

परत जायच्या आधी त्यांनी आमच्या टाउन कौन्सिलचे लेखापरीक्षित हिशेब मागून घेतले आणि पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या. एक निधीवरचं व्याज कुठल्या खात्यात जमा होतं याबद्दल, दुसरी साफसफाईच्या वाढलेल्या रकमेबद्दल. आमच्या खासदारांची आठवड्यातून एकदा संध्याकाळी नागरिकांशी भेट असते. तिथे मी आजवर कधी गेलो नव्हतो. या आठवड्यात तो कागद घेऊन जाणार आहे.