चढ दीडशे फुटांचा, गाडी सत्तर लाखांची!

आषाढातला शनिवार, सकाळचे साडेसहा. अख्खं पुणे साखरझोपेत आणि आम्ही चौघं दोन गाड्या घेऊन चांदणी चौकात हजर! ट्रेक नाही, कॅम्पिंग नाही, पवनेकाठचं बार्बेक्यू तर अजिबात नाही. आमचा प्लॅन ऐकाल तर हसाल. आम्ही चाकं बघायला निघालो होतो.

त्याचं असं झालं. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, हिंजवडीत बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर आहे. काका रिटायर झाल्यावर त्यांनी आणि मावशीने कोथरूडचा फ्लॅट बंद केला आणि तिकोणा पेठेच्या पुढे छोटंसं घर बांधून राहायला गेले. ओट्यावर बसलं की पाठीशी तिकोणा, समोर पवनेचं पाणी, पलीकडे तुंग आणि लांबवर लोहगड-विसापूरची जोडी. आपण वीकेंडला जे बघायला तास तास ट्रॅफिकमध्ये अडकतो, ते यांना दात घासताना दिसतं! जळायला होतं की नाही?

पण डांबरी रस्ता सोडून घरापर्यंत एक चढ आहे. दीडशे फूट, कच्चा. उन्हाळ्यात त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पावसाळ्यात मात्र नुसता तांबडा चिखल. गेल्या वर्षी जुलैमध्ये रात्री एक वाजता काकांच्या छातीत दुखायला लागलं. दादा नशिबाने तिथेच होता. गाडी घराच्या दारात आणायला गेला, तर ती अर्ध्या चढावर चाकं फिरवत उभी. शेवटी गावातली चार पोरं धावली, काकांना खुर्चीत बसवून खाली आणलं आणि कुणाच्या तरी जुन्या फोर व्हील जीपमधून कामशेत गाठलं. काका आता ठणठणीत आहेत, दोन स्टेंट घेऊन. दादा मात्र त्या रात्रीबद्दल एक अक्षर बोलत नाही. तो फक्त गाड्यांची ब्रोशर्स वाचतो.

त्याच्यापुढे दोनच रस्ते आहेत. एक, आईबाबांना परत कोथरूडला आणायचं. हा विषय काढला की काका पेपरमागे तोंड लपवतात. दुसरा, चढ चढणारी गाडी घ्यायची. आणि रोजच्या बाणेर-हिंजवडी ट्रॅफिकमध्ये पेट्रोल पीत बसायला नको म्हणून ती हायब्रिडच हवी.

इथे खरी गंमत सुरू होते. आपल्याकडे हायब्रिड म्हटलं की बहुतेक वेळा फक्त पुढची चाकं ओढतात. इनोव्हा हायक्रॉस घ्या, फ्रंट व्हील ड्राइव्ह. ग्रँड विटारा आणि हायरायडर २०२२ मध्ये आल्या तेव्हा तर सरळ निवड करायला लावत होत्या: स्ट्राँग हायब्रिड हवी असेल तर पुढची दोन चाकं, चारही चाकांना ताकद हवी असेल तर माइल्ड हायब्रिडवर भागवा. दोन्ही एकत्र हवं तर थेट लक्झरीच्या मजल्यावर जायचं. उदाहरणार्थ लेक्सस एनएक्स ३५० एच. हिच्यात मागच्या चाकांसाठी वेगळी इलेक्ट्रिक मोटर आहे, पुढून मागे जाणारा लांबलचक शाफ्टच नाही. गरज पडली की मोटर जागी होते, एरवी गप्प. आयडिया एकदम सॉलिड! किंमत मात्र सत्तर लाखांच्या आसपास. (मी स्कूटीवाली फ्रीलान्सर आहे. हा आकडा टाइप करतानाही मला घाम फुटतो.)

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला चिखलात गाडी नेऊ देत नाहीत, हे ओघाने आलंच. म्हणून दादाने ओळखीत दोन गाड्या उधार मिळवल्या. एक फ्रंट व्हील ड्राइव्ह हायब्रिड, १७ इंची चाकांची. दुसरी ऑल व्हील ड्राइव्ह, २० इंची चाकांची. दुसरीचा मालक, दादाचा कॉलेजमित्र, गाडी एकटी सोडायला तयार नव्हता, म्हणून तोही आला. नावं घेत नाही, गाड्यांचा काही दोष नाही.

मला मागच्या सीटवर बसवलं होतं, म्हणजे मावशीच्या जागी. मावशीला मणक्याचा त्रास आहे. पौडपर्यंत मी २० इंचीत होते. गाडी दिसायला काय देखणी म्हणून सांगू! सिग्नलला बाइकवाले वळून बघत होते. वहिनी तर आधीपासूनच २० इंचीच्या पार्टीत. पण पौड सोडलं, कोळवणच्या रस्त्याला लागलो आणि प्रत्येक खड्डा माझ्या पाठीने मोजला. हाडशीला गाडी बदलली. जवणच्या बाजूला उतरताना खड्डे तेच, पण आता ते लांबून ऐकू आल्यासारखे वाटत होते. गाड्या वेगळ्या, सस्पेन्शन वेगळं, मान्य. तरी आकडे बघा. एनएक्सला १८ इंचीवर २३५/६० टायर येतो, २० इंचीवर २३५/५०. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची जाडी १४१ मिलिमीटरवरून ११७ वर येते. जवळपास एक इंच गादी गेली! बाहेरून टायरची उंची मात्र साधारण तेवढीच राहते, त्यामुळे ‘मोठी चाकं म्हणजे गाडी उंच’ हा समज चुकीचा आहे. वाढतं ते फक्त चकाकणारं रिम. आणि टोकदार खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही.

पेठेत पोचलो तेव्हा गड ढगात गायब होता. आजूबाजूला भाताची लावणी चाललेली, गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बाया आणि डोक्यावर इरली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मिर्झाराजे जयसिंगांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत हा तिकोणाही होता, शेजारचे तुंग, लोहगड, विसापूरही. मुघलांच्या घोड्यांनी हा चिखल कसा पार केला असेल, असा प्रश्न मला पडला. दादाला पडला नाही. तो चढाकडे बघत होता.

आधी फ्रंट व्हील. निम्म्यापर्यंत झकास गेली, मग पुढची चाकं फिरायला लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, ट्रॅक्शन कंट्रोलने ताकद कापली आणि गाडी जागच्या जागी उभी. यात जादू काही नाही. चढावर गाडीचं वजन मागे कलतं, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकं त्यांनाच ओढायचं असतं. दादाचा चेहरा मला आरशात दिसला. मी काही बोलले नाही.

मग दुसरी. थोडी वेडीवाकडी झाली, मागचा भाग एकदा डावीकडे सरकला, पण थेट ओट्यापर्यंत पोचली. मावशीने टाळ्या वाजवल्या. वहिनीने ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असा लुक दिला. झालं, सत्तर लाखांचा निकाल लागला म्हणायचा!

थांबा. चहा-कांदाभजी झाल्यावर गाडी खाली न्यायची होती. कॉलेजमित्राने ब्रेक दाबला आणि गाडी ब्रेकसकट घसरत निघाली. एबीएसची ती खडखड, आमचा श्वास बंद, आणि गाडी थांबली ती काकांच्या जास्वंदीच्या कुंपणापासून हातभर अंतरावर. थांबायच्या वेळी ऑल व्हील ड्राइव्ह काही कामाची नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. तिथे पकड असते ती टायरची, आणि रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की चारही चाकं सारखीच गुळगुळीत. दादाचं बोट तिथेच ब्रोशरमधल्या ओव्हरट्रेल मॉडेलवर गेलं. त्याला १८ इंची चाकं आणि जरा दणकट टायर येतात. वहिनीने त्याचा फोटो बघून नाक मुरडलं, पण कुंपणाकडे बघून गप्प बसली.

इतका वेळ काका ओट्यावर शांतपणे भजी खात होते. ते म्हणाले, “अरे, या दीडशे फुटांवर काँक्रीट टाकलं तर किती खर्च येईल रे?”

कुणीच काही बोललं नाही. खरंच, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! दादा सहा महिने टॉर्क आणि मोटरचे किलोवॅट पाठ करत होता. आणि रस्ता सिमेंटचा झाला तर साधी फ्रंट व्हीलही वर येईल. अॅम्ब्युलन्सही येईल, तीसुद्धा दादा पुण्यात असताना. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. पौड आलं तेव्हा म्हणाला, “चाकं १८ इंचीच. आईची पाठ आहे.” ड्राइव्हचं काय, ते त्याने सांगितलं नाही.

काकांनी गावातल्या गवंड्याला सांगून ठेवलंय. पाऊस उघडल्यावर, दसऱ्यानंतर काम सुरू. गाडीचं बुकिंग तोवर थांबलंय. आणि चढाच्या पायथ्याशी, कुणाच्या तरी शेडमध्ये, ती जुनी जीप उभी असते. काकांनी तिच्या मालकाचा नंबर आता फोनच्या स्पीड डायलवर टाकलाय.