रे रोडचा फॅक्स आणि एकोणचाळीस मिनिटे

मंडळी, या धाग्यांत आपण आजवर शिलालेख वाचले, मोडी कागद वाचले, बखरींतल्या तारखांवर भांडलो. आज २००२ सालचा एक फॅक्स वाचू. साधन इतके अलीकडचे की माझ्या मार्गदर्शकांनी ‘हा इतिहास नव्हे, आठवण आहे’ म्हणून ते हसण्यावारी नेले. परंतु त्यात माझ्या मामांची अब्रू गुंतली होती, आणि तिचा निवाडा शेवटी साधनचिकित्सेनेच झाला. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

आधी जागा पाहू. हार्बर मार्गावरचे रे रोड स्थानक १९१० चे. कुर्ल्याहून निघालेली लोहमार्गाची शाखा प्रथम येथवर आली. नाव १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे. स्थानकाच्या पूर्वेला बंदराच्या जमिनीवर दारूखाना पसरला आहे. तेथील दारू म्हणजे बंदुकीची. नवख्या वाचकाचा गैरसमज नको. बारूद केव्हाच गेली, नाव राहिले, आणि त्या नावाखाली आज लोखंडाचे भंगार, जहाजांचे तुकडे, साखळ्या, नांगर आणि पोलादी पत्रे यांचा बाजार भरतो. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका २०१४ साली येथेच तोडली गेली.

या बाजारातल्या एका गाळ्यात माझे मामा सतरा वर्षे कारकून होते. खाली वजनकाटा, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर शेठची गादी आणि मामांचे टेबल. जहाज तुटले की पत्रे कोणत्या भावाने उचलायचे याचे बोलणे फोनवर होई, परंतु सौदा पक्का होई तो फॅक्सने. कारण फॅक्सवर सही दिसे. दूर कुठेतरी कोणी कागदावर सही करावी आणि दुसऱ्या मिनिटाला तिची प्रतिमा रे रोडच्या पोटमाळ्यावर उमटावी, ही त्या व्यापाराची मोठी सोय होती.

फॅक्सची कल्पना टेलिफोनपेक्षाही जुनी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ साली तिचे पेटंट घेतले. जिओव्हानी कासेल्ली यांच्या पँटेलिग्राफवरून १८६५ पासून पॅरिस आणि लिऑन यांच्यामध्ये प्रतिमा जाऊ लागल्या. घराघरांत आणि गाळ्यागाळ्यांत पोचलेला फॅक्स मात्र १९८० साली ठरलेल्या ‘ग्रुप ३’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा. त्यात कागदाच्या प्रत्येक आडव्या ओळीचे १७२८ ठिपके होतात. ठिपका काळा किंवा पांढरा, तिसरा रंग नाही. सलग पांढऱ्यांची आणि सलग काळ्यांची लांबी सांकेतिक रूपात मोजून पाठवली जाते. म्हणून कोऱ्या कागदाचा फॅक्स झटकन जातो आणि गिचमिड कागदाचा रेंगाळतो.

गाळ्यातले मूळ यंत्र थर्मल कागदाचे होते. त्या कागदावर शाई नसतेच. उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. तोच लेप उन्हाने, उकाड्याने, इतकेच नव्हे तर प्लॅस्टिकच्या फोल्डरमधल्या रसायनांनीही फिका पडतो. मामांनी जपून ठेवलेले १९९० च्या दशकातले फोल्डर मी उघडले तेव्हा आत पिवळसर कोरे कागद निघाले. तीनशे वर्षांपूर्वीच्या हातकागदावरची शाई आपण वाचतो, आणि माझ्या जन्माआधीच्या चार-पाच वर्षांचा पत्रव्यवहार मात्र नाहीसा झालेला.

सप्टेंबर २००० मध्ये मामांनी या कागदावर तोड काढली. गाळ्यात एक जुना संगणक पडून होता. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येत असे. तिच्यावरून त्यांनी लिनक्स चढवले आणि त्यावर ‘हायलाफॅक्स’ उभारले. ही प्रणाली सॅम लेफ्लर यांनी सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत असताना लिहिली. तिचे आधीचे नाव ‘फ्लेक्सफॅक्स’. विनामूल्य होती. शेठने तिला होकार देण्याचे खरे कारण तेच, आणि दुसरे असे की रात्री एसटीडीचे दर उतरत. दिवसभर भावपत्रके रांगेत लावून ठेवायची आणि माणसे झोपल्यावर संगणकाने ती गावोगावी पाठवायची, ही व्यवस्था तिच्यात जमत होती.

मामांनी दोन मोडेम घेतले, दोन्ही संगणकाबाहेर ठेवायचे. आत बसवायचे स्वस्त मोडेम त्या काळी बहुधा विंडोजच्या आधाराने चालत. लिनक्सला ते मुके वाटत. बाहेरचा मोडेम सिरियल केबलने जोडला की ‘टीटीवायएस०’ आणि ‘टीटीवायएस१’ अशा नावांनी दिसे. मग ‘फॅक्ससेटअप’ ही आज्ञा प्रश्न विचारी: देशाचा क्रमांक काय? ९१. शहराचा? २२. बाहेरगावी लावताना आधी काय लावायचे? शून्य. नंतर ‘फॅक्सअ‍ॅडमोडेम’ प्रत्येक मोडेमची उलटतपासणी घेई: तू क्लास १ चा की क्लास २ चा? क्लास २ मध्ये फॅक्सची बोलणी मोडेम स्वतःच उरकतो. क्लास १ मध्ये ती संगणक करतो. मामांनी दोन्ही मोडेम क्लास १ वर चालवले. त्या एका निर्णयामुळे हा धागा लिहिता आला, कारण संगणकाने स्वतः केलेली बोलणी संगणक शब्दशः नोंदवून ठेवतो.

आता प्रसंग. नोव्हेंबर २००२, दिवाळी होऊन गेलेली. पत्र्यांच्या एका मोठ्या मालाला समोरच्या पक्षाची संमती संध्याकाळी पाचपर्यंत फॅक्सने यायची होती. पाच वाजले, हातात काही आले नाही, शेठने नाद सोडला, माल दुसऱ्याने उचलला. दुसऱ्या दिवशी समोरचा पक्ष सांगू लागला की आम्ही तर पाठवला होता. शेठ म्हणाले, “तुमच्या कॉम्प्युटरनं फॅक्स गिळला.” त्याच दिवशी संगणकाची वायर निघाली, थर्मल यंत्र टेबलावर परतले आणि महिनाअखेरीस मामा घरी बसले. मी दोन वर्षांची होते. ‘मामाच्या कॉम्प्युटरनं फॅक्स गिळला’ हे वाक्य आमच्या काळाचौकीच्या घरी पुढे लग्नाकार्यांत विनोद म्हणून सांगितले जाई. मामाही हसत.

गेल्या वर्षी गाळा रिकामा झाला. भंगारवाल्याकडे जाण्याआधी तो संगणक हवा आहे का, असे शेठच्या मुलाने आठवणीने विचारले. हा त्याचा चांगुलपणा. मी डबा घरी आणला, हार्ड डिस्क काढली आणि अ‍ॅडॉप्टरने माझ्या लॅपटॉपला जोडली. आधी तिची ठिपक्यान् ठिपका नक्कल घेतली आणि ती नक्कलही केवळ वाचण्यापुरती उघडली. अस्सल कागदावर पेन्सिलने खूण करू नये, हा अभिलेखागारातला नियम येथेही लागू होतो.

आत आलेल्या फॅक्सचे कप्पे होते, प्रत्येक फॅक्स टिफ चित्राच्या रूपात, लख्ख काळा-पांढरा. शेजारी प्रत्येक बोलण्याची नोंद. ती वाचताना प्रथम काही उमगेना, म्हणून मी तोच प्रयोग नव्याने मांडला. लॅमिंग्टन रोडवरून दोन वापरलेले मोडेम आणि चार लाइनींचे एक लहान इंटरकॉम एक्स्चेंज आणले. (मोडेम एकमेकांना थेट जोडले तर घंटी वाजत नाही, आणि घंटी वाजल्याशिवाय ‘फॅक्सगेटी’ उचलत नाही, हे शोधण्यात माझे दोन रविवार गेले.) मग एका लॅपटॉपवरून दुसऱ्याला फॅक्स पाठवला आणि नोंद ओळीओळीने ऐकली.

फॅक्सची बोलणी ऐकण्यासारखी असतात. पाठवणारा ११०० हर्ट्‌झची टुक-टुक करतो, घेणारा २१०० हर्ट्‌झची लांब शीळ घालतो. घेणारा आपली कुवत सांगतो, पाठवणारा वेग ठरवतो, दीड सेकंद चाचणी होते. लाइन खराब असेल तर ‘पुन्हा, हळू’ असे उत्तर येते. पान संपल्यावर घेणारा ‘एमसीएफ’ पाठवतो: संदेश मिळाला.

त्या दिवसाच्या नोंदीत हे सर्व होते. १४४०० च्या वेगाला चाचणी फसली, १२००० ला फसली, ९६०० ला जमली. दोन पाने, दोन्हींना एमसीएफ. फॅक्स पोचला होता. यंत्राने काहीही गिळले नव्हते.

परंतु नोंदीतली वेळ होती १७:२०. म्हणजे वीस मिनिटे उशीर. दोष समोरच्या पक्षाचा. मी मामांना फोन लावणार होते, तेवढ्यात चित्राच्या माथ्यावर नजर गेली. पाठवणारे यंत्र पानाच्या वर स्वतःच्या घड्याळाची वेळ छापते. तेथे होते १६:४१.

दोन साधने, दोन वेळा. जेधे शकावली पुढे आल्यावर शिवजन्माच्या तारखेचा वाद कसा उभा राहिला हे आपण मागे पाहिले आहे. तेथेही प्रश्न एकच होता, कोणाचे घड्याळ मानायचे. मी त्या आठवड्यातले सारे फॅक्स काढले: पाच निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले चौदा. एका यंत्रावर तारीख सदैव १ जानेवारीच होती, बहुधा वीज गेल्यावर कोणी ती पुन्हा लावली नसावी. आणखी एक तासभर चुकलेले. उरलेली तीन यंत्रे, तीन गावांची, आमच्या सर्व्हरपेक्षा ३८ ते ४० मिनिटे मागे होती. मग मी मागे मागे गेले. सप्टेंबर २००० मध्ये फरक मिनिटभराचा, वर्षाने अठरा-एकोणीस, नोव्हेंबर २००२ मध्ये एकोणचाळीस. महिन्याला साधारण दीड मिनिट. मामांच्या संगणकाचे घड्याळ सव्वादोन वर्षे कोणी मिळवले नव्हते आणि ते निमूटपणे पुढे सरकत होते. वहीत आलेख काढला तर रेघ जवळजवळ सरळ आली. फॅक्स चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनीच आला होता.

मग तो कोणाच्या हाती का पडला नाही? आलेला फॅक्स छापायला पाठवायचे काम ‘फॅक्सआरसीव्हीडी’ या छोट्या लिपीचे. तिने पाठवला होता. छपाईच्या रांगेच्या कप्प्यात ते काम तसेच होते, प्रिंटर तयार होण्याची वाट पाहत. दुसऱ्या दिवशी वीज काढली गेल्यामुळे ते तेथेच राहिले. बावीस वर्षे.

‘पोचणे’ या शब्दावर मी तेव्हापासून अडखळते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने एसआयएल इम्पोर्ट विरुद्ध एक्झिम एड्स या खटल्यात, धनादेश न वटल्याची नोटीस फॅक्सने दिली तरी ती नोटीसच होय, असे ठरवले. गंमत अशी की त्याने नुकसान पाठवणाऱ्याचेच झाले. मुदत फॅक्सच्या दिवसापासून मोजली गेली आणि मागून टपालाने गेलेल्या नोटिशीवर विसंबून केलेली त्याची तक्रार उशिराची ठरली. उलट २१ नोव्हेंबर २०१८ रोजी मेहबूबा मुफ्ती यांचे सत्तास्थापनेच्या दाव्याचे पत्र जम्मूच्या राजभवनाच्या फॅक्सवर जाईना. त्याच रात्री विधानसभा विसर्जित झाली, आणि ईदची सुट्टी असल्याने फॅक्सपाशी कोणी नव्हते असे राज्यपालांनी नंतर सांगितले. एमसीएफ म्हणजे यंत्राने यंत्राला दिलेली पावती. तिच्यापुढे एक माणूस लागतो, आणि त्याची नोंद कोणतेही यंत्र ठेवत नाही.

रविवारी वही घेऊन काळाचौकीला गेले. मामांनी चष्मा लावला, आलेखावरून बोट फिरवले, तीन गावांची नावे मोठ्याने वाचली. मी म्हटले, “मामा, फॅक्स वेळेत आला होता. तुमचं मशीन बरोबर होतं.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कागद संपला असणार. त्या दिवशी साडेतीनपासून मी खाली काट्यावर होतो.” थोडे थांबून, “प्रिंटरमध्ये कागद भरायचं काम माझंच होतं गं.”

मामी आतून चहा घेऊन आल्या. लाजिरवाणे झाल्यासारखे मी वही मिटू लागले, तर मामांनी ती धरून ठेवली. विचारले, फॅक्स कोणत्या मोडेमवर आला होता. मी पाहून सांगितले, टीटीवायएस०.

“नाही, एक बघ,” ते म्हणाले. “शून्यावरची लाइन दिवाळीच्या आधीपासून बंद होती.”

मी लॅपटॉप उघडला. टीटीवायएस१. ओळ उतरवून घेताना चूक माझी झाली होती.