फोनवरच्या ताई

त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही आणि त्यांनीही माझं विचारलं नाही. तरी आज फरिदाबादच्या शाळेत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी शरीराबद्दल मोकळेपणी बोलू शकतो, ते त्यांच्यामुळे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दिल्लीत करोल बागेत राहायचो. मामाकडे गाझियाबादला जाताना रुळांलगतच्या भिंती हकिमांच्या जाहिरातींनी भरलेल्या दिसत. ‘गुप्तरोग’, ‘मर्दाना कमजोरी’, खाली पत्ता. अकरावीतल्या मुलाला घाबरवायला तेवढं वाचन पुरतं. झोपेत वीर्य गेलं की आम्ही मित्र ‘धात गिरना’ म्हणायचो आणि एक थेंब म्हणजे शंभर थेंब रक्त, असा हिशेब एकमेकांना सांगायचो. माझं जेवणावरचं मन उडालं. जिना चढताना पाय भरून येत. अभ्यासाचा ताण असेल म्हणून आई बदाम भिजवून द्यायची. बाबांपाशी विषय काढणं शक्यच नव्हतं. भीतीपोटी येणाऱ्या या थकव्याला डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्येच ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं होतं, हे फार उशिरा वाचलं.

वर्तमानपत्रात ‘तार्शी’च्या हेल्पलाइनचा नंबर सापडला. राधिका चंदिरामानी यांनी 1996 मध्ये दिल्लीत ही संस्था सुरू केली होती. लैंगिकतेबद्दल काहीही विचारा, नाव सांगायची गरज नाही. घरचा फोन बैठकीत, सगळ्यांच्या कानांवर. म्हणून पीसीओच्या, म्हणजे सार्वजनिक फोनच्या, काचेच्या खोलीत शिरलो. मीटरवरचे लाल आकडे पुढे सरकत होते आणि तोंडून शब्द फुटत नव्हता. पलीकडून एका ताईंचा आवाज आला, “आराम से बोलिए.” मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्या हसल्या नाहीत. कशाला हवीय ही माहिती, असंही म्हणाल्या नाहीत. आधी विचारलं, “आपने क्या-क्या सुना है?” माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकेक गैरसमज हलक्या हाताने सोडवला. वीर्य शरीरात सतत तयार होतं, त्यात रक्त खर्च होत नाही. झोपेत ते बाहेर पडणं म्हणजे वयात येणं, त्याला औषध लागत नाही. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

2007 मध्ये मी नुकताच शिक्षक झालो होतो. त्याच वर्षी शाळांत लैंगिक शिक्षण देणाऱ्या केंद्राच्या किशोर शिक्षण कार्यक्रमाला अनेक राज्यांनी विरोध करून बंदी घातली, आणि त्यांत महाराष्ट्रही होता. मला ते फार लागलं. याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत, मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, खटले आणि दंड सोसले. 1934 मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. आंबेडकर उभे राहिले. एवढं देणं डोक्यावर असलेल्या राज्याने मुलांपुढे दार लावून घ्यावं?

तार्शीची हेल्पलाइन 2009 मध्ये बंद झाली. ताईंचे आभार मानायला आता नंबरही नाही. त्यांची रीत मात्र मी सोडलेली नाही. वर्गात बुटांचा एक रिकामा खोका ठेवतो, मुलं त्यात नाव न घालता चिठ्ठ्या टाकतात. उत्तर देण्याआधी माझा प्रश्न ठरलेला: तुम्ही काय ऐकलंय?

परवा एक चिठ्ठी निघाली. ‘मुलीला मेसेज करतो, ती उत्तर देत नाही. अजून किती वेळा करायचा?’ ऐकलेलं भराभर बाहेर आलं: मुली आधी नाहीच म्हणतात, मागे लागावं लागतं, सिनेमात तसंच असतं. तुम्हाला नको असताना कुणी असं मागे लागलं तर कसं वाटेल, एवढंच मी विचारलं. तिथून बोलणं तिच्या भीतीवर आलं, रस्ता बदलून घरी जाण्यावर आलं, नकार पचवताना होणाऱ्या दुःखावरही आलं. तास संपला तरी कुणी उठेना. मागच्या बाकावरून एकाने हात वर केला, “सर, मग सॉरी म्हणायला एक शेवटचा मेसेज करू का?” त्याच्यावर कुणी हसलं नाही. आम्ही त्यावरही बोललो.