चकतीची पाठ

सीडी हातात घेताना माणसं चकाकणारी बाजू जिवापाड जपतात आणि नावाच्या बाजूवर खुशाल बोटं टेकवतात. नाजूक बाजू मात्र तीच, नावाची. १.२ मिलिमीटर जाडीच्या सीडीत बहुतेक सगळी जाडी खालच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. ज्यात नोंद होते तो रंगद्रव्याचा थर, त्यावरचा परावर्तक मुलामा आणि शेवटी लॅकरचा पातळ हात, हे सगळं वरच्या अंगालाच. खालचा बारीक ओरखडा लेसर बऱ्याचदा सांभाळून घेतो. वरचा खोल गेला तर माहितीच खरवडून निघते. डीव्हीडीचं तसं नाही. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या आणि माहिती त्यांच्या मधोमध, त्यामुळे तिची पाठ जास्त सोसते.

लग्नाचं शूटिंग, एडिटिंग आणि डीव्हीडी हे सगळं घरच्या एका खोलीत करणाऱ्या माझ्यासारख्याला लेबल हा शेवटचा, घाईचा टप्पा. पण पक्षाच्या हातात पडतं ते आधी लेबलच. आता त्याच चकत्या पेन ड्राइव्हवर घ्यायला लोक घेऊन येतात, तेव्हा कोणतं लेबल कसं म्हातारं झालं ते टेबलावर समोरासमोर दिसतं.

पहिल्या दिवशी सर्वांत देखणा स्टिकर. साधा प्रिंटर चालतो, रंग झळकतात, ए-फोर कागदावर दोन गोल बसतात. तो मध्यावर बसवायला दांड्याचं प्लास्टिकचं साधन मिळायचं. जरा सरकला की तोल गेला, आणि ५२ एक्सचा ड्राइव्ह मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो. घरघर ऐकूनच कळायचं. त्यात आपला पावसाळा. कागद ओल पितो, उन्हाळ्यात आकसतो आणि चकतीला बाक आणतो. डीव्हीडीला हा बाक सीडीपेक्षा कमी खपतो. गाडीतल्या प्लेअरच्या उष्णतेनं कड उचलली तर चकती आतच अडकते. आणि उचललेला स्टिकर सोलायला जावं, तर सीडीवरचा मुलामाही त्याच्याबरोबर येतो. उजेडाकडे धरली की आरपार दिसतं. म्हणून कुणी स्टिकरची सीडी आणली की मी आधी सांगतो, नखसुद्धा लावू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी फ्रेड बायर्स यांनी २००३ मध्ये चकत्या जपण्याची पुस्तिका लिहिली, तिचा तर सल्लाच असा: दीर्घकाळ ठेवायच्या चकतीवर चिकटवायचं लेबल नको.

ह्युलेट-पॅकार्डनं २००४ मध्ये जाहीर केलेलं लाइटस्क्राइब हे यातलं सर्वांत चतुर. चकती राइट करायची, उलटी घालायची आणि त्याच लेसरनं पाठीवरच्या खास थरावर चित्र उमटवायचं. शाई नाही, कागद नाही, तोल जाण्याचा प्रश्न नाही. मध्याजवळच्या खुणांमुळे ड्राइव्हला जागा नेमकी सापडते, म्हणून फिकं वाटलं तर त्याच रेघांवर पुन्हा गिरवता यायचं. पण ड्राइव्ह वेगळा, चकती वेगळी, महाग, आणि रंग एकच. पूर्ण चित्राला अर्ध्या तासाच्या घरात वेळ. लग्नसराईत पंचवीस नातेवाइकांच्या प्रती असतील तर रात्रच जायची. शिवाय उजेडात ते विटतं. पाकिटात राहिलेल्या चकत्यांवरची अक्षरं अजून वाचता येतात, टीव्हीशेजारी उघड्या पडलेल्यांवर नुसती सावली उरते.

धंद्यात टिकला तो इंकजेट. पांढऱ्या, शाई शोषणाऱ्या पाठीची चकती, आणि ती ट्रेमध्ये ठेवून घेणारा प्रिंटर. एप्सनचा आर-२३०, पुढे टाकीवाला एल-८००. आधी राइट करायचं, चालवून बघायचं, मग छापायचं, म्हणजे बिघडलेल्या चकतीवर शाई वाया जात नाही. छापल्यावर लगेच पाकिटात घालायची नाही. पावसाळ्यात तर रात्रभर उघडी ठेवायची, नाहीतर वधूच्या शालूचा रंग पाकिटाला लागतो. ओला हात मात्र याला कधीच चालत नाही.

छपाईपेक्षा अवघड असते मांडणी. गोल कागद दिसला की नाव गोलाकार फिरवायचा मोह होतो. रोमन अक्षरं फिरतात, देवनागरी फिरत नाही. वरच्या कमानीवर अक्षरांची डोकी फाकतात आणि शिरोरेषेत फटी पडतात. खालच्या कमानीवर तीच डोकी एकमेकांवर चढतात. म्हणून नावं सरळ ओळीत, भोकाच्या वर किंवा खाली. फोटोतही जोडपं खेटून उभं असलेलं निवडू नये, मधलं भोक नेमकं कुणाच्या तरी गालावर येतं. दोघांत अंतर असलेला फोटो घ्यावा, एक डावीकडे, एक उजवीकडे.

राहिला मार्कर. दिसायला सर्वांत गरीब आणि वागायला सर्वांत सरळ. पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा असावा. उग्र वासाच्या द्रावकाची शाई लॅकरला बाधू शकते, आणि बॉलपेनचं टोक सीडीवर दाबणं म्हणजे माहितीवरच कोरणं. सर्वांत सुरक्षित जागा भोकाभोवतीचं पारदर्शक कडं, तिथे नोंद नसतेच. दोन शब्द आणि एक तारीख तिथे सहज मावते.

डीव्हीडीला इंकजेट, सीडीला कड्यातला मार्कर, असा माझा हिशेब आहे. पण परत येणाऱ्या चकत्यांमध्ये सर्वांत जास्त अडवतात त्या विटलेल्या नव्हेत. ठसठशीत सोनेरी अक्षरांत नुसतं ‘शुभविवाह’ छापलेल्या अडवतात. कुणाचा, कधीचा, भाग पहिला की दुसरा, हे आणणाऱ्यालाही सांगता येत नाही; पूर्ण चालवून बघावं लागतं. म्हणून आजही कुणी चकती छापून मागितली, तर मजकूर आधी ठरवून घेतो: दोघांची नावं, गाव, सालासकट तारीख, भाग कितवा. एवढं बसवून जागा उरली तर फोटो.