गडावर एक दिवस अधिक

पुणे, ठाणे आणि आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तो नगर, या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर हरिश्चंद्रगड बसला आहे. उंची 1424 मीटर. इतर गडांप्रमाणे याच्या नावाला लढायांची लांबलचक यादी चिकटलेली नाही. याचा लौकिक निराळा. माथ्यावरच्या खोलगट जागी हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन शिवालय आणि लेणी, आणि पश्चिमेला नागाच्या फण्यासारखा आत वळलेला कोकणकडा! या कड्याच्या काठावर उभे राहिले म्हणजे घाटमाथा संपतो आणि पायांखाली एकदम कोकण सुरू होते.

या कड्यावरून एक नवल कधीमधी दिसते. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी असावे आणि समोरची दरी धुक्याने भरलेली असावी, म्हणजे आपली सावली त्या धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचे पुरे वर्तुळ उमटते. यालाच इंद्रवज्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते इथे पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. आमच्या मेहुण्यांच्या वाचनात हे आले, आणि 2019 सालच्या श्रावणातील पहिल्या शनिवारी आम्ही चौघे पाचनईच्या वाटेने गड चढू लागलो. मी, सौ., कॅमेरा गळ्यात अडकवलेले मेहुणे आणि माझा भाचा. भाच्याला सोमवारी नव्या नोकरीवर रुजू व्हायचे होते. ‘रविवारी रात्री घरी’ या एका अटीवर तो आला होता.

पाऊस होताच. पण तो श्रावणातला, येऊन-जाऊन असणारा पाऊस, असे पाचनई सोडेपर्यंत वाटत होते. अर्ध्या वाटेवर त्याने येऊन-जाऊनमधले ‘जाऊन’ सोडून दिले. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो, वर चढतो, चढता चढता थंडावतो आणि आपले ओझे घाटमाथ्यावर रिकामे करतो, हे भूगोलात आपण सारेच शिकलो आहोत. ते ओझे खांद्यावर घेण्याचा प्रसंग मात्र क्वचित येतो.

देवळाजवळ पाचनईच्या एका महादेव कोळी कुटुंबाचा झाप होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पिठले-भाकरी देत. तिथे ओझी टाकून दुपारी कोकणकडा गाठला. समोर पांढरे, खाली पांढरे, डावीउजवीकडेही पांढरेच. कड्याची कड कुठे आहे ते आवाजावरून ओळखायचे. दरीतून वारा असा उसळत होता, की पाऊस वरून खाली पडण्याऐवजी खालून वर येऊन हनुवटीवर आपटत होता. वाट दाखवायला आलेल्या झापवाल्या मामांनी आम्हाला काठापासून वीस पावलांवरच पोटावर आडवे व्हायला लावले. मेहुणे कॅमेरा पोटाशी धरून म्हणाले, “इंद्रवज्र नाही तर नाही, इंद्र तरी भेटला!”

रविवारी सकाळी उतरायला निघालो. गडाच्या या अंगाचे पाणी मंगळगंगेच्या रूपाने पाचनईकडे उतरते, आणि वाटही तिच्याच सोबतीने जाते. आदल्या दिवशी ज्या ओढ्यात सौ.च्या साडीचा काठही भिजला नव्हता, तो आता तांबडा होऊन फुफाटत होता. भाच्याने बूट काढून गळ्यात अडकवले. “दहा पावलांचा तर प्रश्न आहे,” तो म्हणाला. मामांनी त्याचा दंड धरला आणि म्हणाले, “जरा गप ऱ्हावा. ऐका.”

आम्ही कान दिले. पाण्याच्या घोषाखालून आणखी एक आवाज येत होता. जात्यासारखा घरघरता. तळातून धोंडे गडगडत चालले होते. “पानी गुडघ्याचं आसंल,” मामा म्हणाले, “पर धोंडा पायावर आला म्हंजे मानूस उभा ऱ्हात न्हाई. गुरुजी, मागं फिरा. पानी आलं तसं जाईल.”

भाच्याचा चेहरा उतरला. मोबाईलला रेंज नव्हती, म्हणजे उद्या येत नाही एवढे कळवण्याचीही सोय नव्हती. दोन वर्षे अर्ज करून मिळालेली ती नोकरी होती. तरी तो फिरला, आणि त्याच्या मागून आम्ही.

असा एक दिवस अधिक मिळाला. केदारेश्वराच्या गुहेकडे जाता येत नव्हते. तिच्यासमोरून प्रवाह धो धो वाहत होता. त्या गुहेत पाण्यात भले मोठे शिवलिंग आहे आणि त्याच्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. लोक म्हणतात, एकेका युगाबरोबर एकेक खांब गेला. आम्ही शिवालयाच्या आश्रयाने बसलो. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच पर्वतावर शके 1234 मध्ये, म्हणजे इ. स. 1312 मध्ये पुरा केला. वर्गात हा सनावळीचा तपशील मी कितीदा तरी सांगितला असेल. बाहेर आभाळ फाटलेले असताना, दगडाच्या थंडगार भिंतीला पाठ टेकून, तो प्रथमच मला खरा वाटला. अशा पावसात इथे राहणारा माणूस दुसरे काय करणार? बसणार आणि लिहिणार.

रात्री झापात चुलीभोवती बसलो. नागलीची भाकरी, पिठले आणि ठेचा. सौ. मामींजवळ बसून भाकरी थापायला शिकत होती. भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने मामांना विचारले, “तुम्हाला कंटाळा नाही येत या पावसाचा?” मामांना प्रश्नच कळला नाही. मामी हसून म्हणाल्या, “त्यो न आला तर भात कशावर लावायचा?”

सोमवारी दुपारी ओढ्यातला घरघरता आवाज थांबला. मामांनी काठीने तळ चाचपला आणि आम्हाला एकेकाला हाताला धरून पलीकडे नेले. भाचा बुधवारी कामावर रुजू झाला. तिथल्या साहेबांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि गडाची वाट विचारून ठेवली!

घरी परतताना कोतुळला चहासाठी थांबलो. पुलाखालून मुळा दुथडी भरून चालली होती. मंगळगंगेचे पाणी हिलाच येऊन मिळते. पुढे राहुरीजवळच्या धरणात हिचे पाणी साठते, तिथून ते पाऊस हुलकावणी देणाऱ्या गावांच्या शेतांना जाते. मग ही प्रवरेला मिळते, आणि त्या प्रवरेच्या काठी नेवासे. परंपरा सांगते, की चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. चांगदेवांच्या डोंगरावरचे पाणी आजही त्याच दिशेने वाहत जाते.

आमचे चिखलाने माखलेले कपडे पाहून हॉटेलातल्या बाकावरचे एक म्हातारे शेतकरी सरकून बसले आणि त्यांनी आम्हाला जागा दिली.

“गडावरनं आलात?”

“हो. दोन दिवस अडकलो होतो पावसात.”

“वर अजून हाय ना?” त्यांनी उत्सुकतेने विचारले.

“आहे. चांगला आहे,” भाचा म्हणाला.

म्हाताऱ्यांनी आमच्या चहाचे पैसे दिले. कितीही नको म्हटले तरी ऐकले नाही.